डोंगा वाळत घातला तो उन्हाळा

समुद्र शिकायला आमच्याकडे एक बोडी होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. तंत्रनिकेतनाची इमारत उभी राहिली तेव्हा आसपासची बांधी, म्हणजे धानाची शेतं, गेली आणि बोडी तेवढी कुंपणाच्या आत सापडली. तिच्यात शिंगाड्याचे वेल होते, कडेला म्हशींनी केलेला चिखल होता आणि वर कोळशाच्या बारीक धुळीची साय धरलेली असायची, कारण चंद्रपूरच्या त्या बाजूला धूळ कशावरही बसते. मधोमध भर उन्हाळ्यातही माणसाच्या छातीइतकं पाणी राहायचं. सर पहिल्याच दिवशी आम्हाला काठावर उभं करून म्हणाले की, हे खारं पाणी आहे असं धरून चाला, आणि ज्याला धरता येत नसेल त्याने लेथवर जाऊन खिळे करावेत. तेव्हापासून पोरं त्यांना पाठीमागे खारेपाणी म्हणत.

सर किनाऱ्यावरच्या एका संस्थेत जहाजबांधणी शिकवत होते. तिथे कुणाशी तरी बिनसलं आणि त्यांना आमच्याकडे पाठवलं. आमच्या जिल्ह्यांत बदली म्हणजे शिक्षा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मास्तर, डॉक्टर, तलाठी, सगळे आम्हाला शिक्षा म्हणूनच मिळाले. पण शिक्षेवर आलेली बाकीची माणसं आजारपणाची रजा टाकत. सरांनी रजा कधी घेतली नाही. दिवसा ते कानस आणि रंधा शिकवत, आणि चार वाजले की आम्हा अकरा जणांना घेऊन बोडीवर. त्यांच्याबद्दल वाईट लिहिण्याआधी एक लिहून ठेवते: त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्यांनी एक लोखंडी घमेलं पाण्यावर सोडलं. मग तेच घमेलं आमच्यातल्या प्रफुलला घणाने चेपायला लावलं, त्याचा गोळा पाण्यात टाकला, तो तळाला गेला. लोखंड तेवढंच, मग बदललं काय? उत्तर आल्याशिवाय कुणी घरी गेलं नाही. उत्तर आलं ते मात्र अजूनपर्यंत कुणी विसरलेलं नाही.

प्रत्येकाने एक हातभर बोट करून आणायची, ती बोडीत सोडायची आणि ती बुडेपर्यंत सर तिच्यात एकेक नट टाकणार, अशी रीत होती. बुडालेल्याचं नाव कार्यशाळेच्या फळ्यावर 'बुडाले' या मथळ्याखाली जायचं आणि वर्षभर पुसायचं नाही. बल्लारपूरच्या प्रफुलची बोट सगळ्यांत देखणी होती, वर्ख लावल्यासारखी. सरांनी तिच्यात नट टाकलेच नाहीत. तिच्यावर पाय दिला आणि म्हणाले, लाट विचारून येत नाही. प्रफुल आठ दिवस वर्गात कुणाशी बोलला नाही. मी मात्र त्या दिवशी वहीत लिहिलं की काठ आतून दुहेरी करायला हवा होता. सरांनी ती नोंद पाहिली आणि प्रयोगाची वही माझ्याकडे दिली. वहीचे नियम असे: शाईने लिहायचं, खोडायचं नाही, आणि 'मी', 'माझं' हे शब्द वहीत येता कामा नयेत. यादी करायची माझी सवय तिथली आहे. लोक तिला शिस्त म्हणतात.

दर वर्षी सर आपल्या जुन्या ओळखीवर एकच विद्यार्थी किनाऱ्यावरच्या गोदीत शिकायला पाठवत. एकच चिठ्ठी, एकच नाव. त्या वर्षी होळीनंतर ते म्हणाले की, खेळणी पुरे झाली; जो खरी बोट आणेल, मोजेल आणि तिचा अहवाल लिहील, त्याची चिठ्ठी मी लिहीन. अकरा जणांत खरी बोट एकीच्याच घरी होती. मी हात वर केला.

आमचं गाव भामरागडजवळ, पर्लकोटा नदीच्या काठावर. पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला की गावात येणारं सगळं, म्हणजे रेशनचा तांदूळ, नर्सबाई, चिठ्ठ्या, माझ्या बाच्या डोंग्यातून यायचं. बा जातीने ढिवर, नाव लहानू. तो डोंगा त्याने आणि माझ्या आज्याने एका बिज्याच्या खोडातून कोरलेला होता, मी जन्मायच्या आधी. तेवढ्या घेराचं झाड आता जंगलात नव्हतं, आणि असतं तरी तोडू कोण देणार. कोरताना जाडी किती उरली ते बा बोटाच्या पेराने ठोकून आवाजावरून ओळखायचा. पुढेही रोज सकाळी घाटावर गेला की आधी डोंग्यावर दोनदा ठोकायचा, दारावर ठोकावं तसं. माझ्या लहानपणीचा पहिला आवाज तोच आहे. कमरेच्या गाठीत त्याच्याकडे ओल्या फडक्यात बांधलेला चिखलाचा गोळा असायचा, नदीची काळी माती आणि अंबाडीचा वाख एकत्र मळलेला. डोंगा कुठे झिरपला की बोटाने तिथे दाबायचा, पुढे चालायचं. लग्नातही त्याची ती गाठ सुटलेली मी पाहिली नाही.

पाऊस संपून नदी उतरली की बा डोंग्यात दगड भरून तो डोहात बुडवून ठेवायचा. चार-पाच महिने तो तळाशी. डोंगा वाळला की फाटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मृगाच्या तोंडावर चार माणसं बुडी मारून दगड काढत आणि डोंगा वर येई तो शेवाळाने हिरवा, बुडाशी दोन-तीन शेर मासे अडकलेले. त्यांत मरळ निघाली तर माय ती अंबाडीच्या पानात शिजवायची, लाल मिरचीचं वाटण जरा जास्त घालून, सोबत उकड्या तांदळाचा भात. त्याला आम्ही डोंग्याचे मासे म्हणत असू. वर्षातून एकदाच मिळायचे. मी जगभरच्या बंदरांवर मासे खाल्ले, त्यातले नीट शिजलेले कमीच.

बाला विचारायला मी गावी गेले तेव्हा तेंदूपत्त्याचे दिवस होते. माय अंगणात पानांचे पुडे बांधत होती. मी सगळं सांगितलं: चिठ्ठी, गोदी, समुद्र. बाने समुद्र किती खोल असतो एवढंच विचारलं. मायने पान खाली ठेवलं.

"एकच सांग. पाणी पडाच्या आंधी डोंगा वापस येते का नाई?"

"येते," मी म्हणाले.

बांबूच्या ट्रकवर डोंगा चढवायला आठ माणसं लागली. भामरागडपासून आलापल्लीपर्यंत त्यातून पाणी गळत होतं. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून आरशात ती ओली रेघ बघत होते आणि अहवालाची प्रकरणं मनात लावत होते.

सरांनी डोंगा पाहिला, लांबी-रुंदी घेतली आणि तो पटांगणात दोन लोखंडी घोड्यांवर उन्हात ठेवायला सांगितला. मे महिना होता. चंद्रपूरचं मेमधलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. मी म्हणाले की सर, हा पाण्यात ठेवायला लागतो. सर शांतपणे म्हणाले की, ओल्या लाकडाचं वजन म्हणजे लाकूड अधिक नदी. मला नदीचं वजन नको आहे. शास्त्र म्हणून त्यांचं चूक नव्हतं. मी तरी म्हणाले की वाळला तर फाटेल. तेव्हा त्यांनी सगळ्यांना हाक मारून जमिनीवर बसवलं.

"आज आपल्याला जहाजाचं शास्त्र डोंगेवाल्याची मुलगी शिकवणार आहे. कर सुरू."

मी उभी. सर घड्याळाकडे बघत होते. पूर्ण एक मिनिट त्यांनी मला तसं उभं ठेवलं, मग म्हणाले, झालं वाटतं, आणि पोरं हसली. प्रफुल हसला नाही, ते मला जास्त लागलं. त्यानंतर मी डोंग्याबद्दल एक शब्द बोलले नाही. मला काय माहीत होतं ते मला माहीत होतं. पण चिठ्ठी सरांच्या हातात होती.

चौथ्या दिवशी पहिली भेग दिसली. मी ती मोजली. आमच्याकडे पातळ पोलादी पात्यांचा एक संच होता, भेगेत कोणतं पातं जातं त्यावरून रुंदी कळते. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, दोन नोंदी. ती वही माझ्याकडे आजही आहे आणि त्यातलं अक्षर इतकं सुंदर आहे की पुन्हा मला तसं कधी जमलं नाही. भेग कुठून सुरू झाली, किती वाढली, दुपारच्या उन्हानंतर किती. सर ती पानं चाळताना पहिल्यांदाच 'छान' म्हणाले. मी त्या एका शब्दावर आठवडाभर जगले. दहाव्या दिवशी माझ्याकडचं सगळ्यांत जाड पातं भेगेत जाऊ लागलं, तेव्हा मी दोन पाती एकत्र करून मोजायची पद्धत काढली.

त्याच सुमाराला बा आला. कुणीतरी ट्रकवाल्याने गावात सांगितलं होतं. मायने लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले होते, ते त्याने आधी माझ्या हातात दिले आणि मग पटांगणात गेला. डोंग्यावर दोनदा ठोकलं. आवाज कोरडा आला, डबा वाजवावा तसा. तो बराच वेळ हात तिथेच ठेवून उभा राहिला.

"हे काऊन असं ठेवलं, बाई?"

"सरांनी सांगितलं."

"तू सांगतलं नाई?"

"सांगितलं."

तो नळावर गेला, बादली भरली आणि डोंग्यावर ओतली. मग दुसरी. तिसरी भरायला निघाला तेव्हा मी त्याच्या हातातून बादली घेतली आणि त्याला म्हणाले की आता पाचची नोंद चुकली. त्याचं चुकलं असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने धोतराच्या टोकाने डोंग्याचा काठ पुसायला घेतला. संध्याकाळच्या गाडीने तो गेला. वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे: बाहेरच्या व्यक्तीने पाणी ओतल्याने मोजणी बाधित. सरांनी ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. नोंद अशी असावी, म्हणाले.

परवा माझ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीने विचारलं की मॅडम, वहीत आपण आपलं असं काहीच का लिहायचं नाही. मी तिला नियम सांगितला. माझ्याकडे लाटा काढणारं यंत्र आहे, बोटी ओढायचा लांब हौद आहे, आणि भिंतीवर 'बुडाले' असा फळाही आहे. मुलं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण माझ्या मुलांच्या बोटी बुडत नाहीत.

जूनच्या सुरुवातीला वरिष्ठ मंडळी पाहणीला येणार होती. त्याआधी डोंग्याला आतून-बाहेरून राखाडी रंगाचे दोन हात दिले गेले. खोलीच्या पांढऱ्या खुणा मी स्वतः काढल्या. बाला मी निरोप पाठवला की त्याच दिवशी ये आणि डोंगा घेऊन जा. तो दोर घेऊन, धुतलेला सदरा घालून आणि परतीच्या ट्रकची बोलणी करून आला. त्याने रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, चार दिवस पाण्यात राह्यला असता का भेग मिटली असती, आता हा पाणी पेणार कसा? मी म्हणाले, घरी नेऊन खरवडू.

पण पाहुण्यांसमोर ठेवायला सरांकडे फाटलेला डोंगाच होता, आणि सरांना हरायची सवय नव्हती. शामियान्यात सरबत फिरत असताना त्यांनी जाहीर केलं की आता विद्यार्थी गळती आणि बुडण्याचा वेग प्रत्यक्ष मोजून दाखवतील, पारंपरिक बांधणीतले दोष समोर येतील. भार म्हणून वाळूची पोती ठरली होती. सरांनी काठावर उभा असलेला बा पाहिला.

"पोती कशाला? हे बघा, कॅप्टन आलेत. या कॅप्टन, बसा."

बाने माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडत होते. तो चपला काढून डोंग्यात चढला, बांबू हातात घेतला आणि पोरांनी डोंगा बोडीत ढकलला. मी काठावरच्या फळीवर घड्याळ घेऊन उभी, शेजारी प्रफुल फूटपट्टी धरून. वहीत वर लिहिलं होतं: भार, माणूस एक, बांबू एक. भेगेतून पाणी आत यायला लागलं, आधी रेघेसारखं, मग पाटासारखं. पहिलं मिनिट मी मोठ्याने वाचलं. दुसरं वाचलं. बा मधोमध उभा होता, पाय फाकवून, तोल जराही न हलवता. भार हलला की नोंद चुकते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं.

"कुंदे, थांबव न वं," प्रफुल हळूच म्हणाला. "बुढा पडन."

"तू खूण वाच," मी म्हणाले.

चौथ्या मिनिटाला माझा आवाज निघाला नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. घशात धूळ गेली असं मी त्या वेळी ठरवलं. सर मागून काही बोलणार तेवढ्यात बोडीतून बाचा आवाज आला, घाटावरून पलीकडच्या माणसाशी बोलावं तसा, साधा.

"वाच बाई. चूप काऊन झाली?"

मी वाचलं. चौथं, पाचवं, सहावं. सातव्याला काठ पाण्याखाली गेला आणि बा उभाच्या उभा खाली उतरला, छातीपर्यंत, धुतलेला सदरा शिंगाड्याच्या वेलात पसरला. त्याने बांबू सोडला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जहाजासोबत बुडतो तोच खरा कॅप्टन, असं सर म्हणाले, आणि शामियाना हसला. मीही हसले. हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

डोंगा घरी गेलाच नाही. पाहुण्यांना तो आवडला. प्राचार्यांनी तो दरवाजाजवळ चौथऱ्यावर ठेवायचं ठरवलं, आणि एका कागदावर बाची सही हवी होती. सही केली नाही तर माझी चिठ्ठी अडेल असं त्याला कुणी सांगितलं नाही. तसं नाही, असंही कुणी सांगितलं नाही. मी शेजारीच उभी होते. त्याने ओल्या हाताने नाव लिहिलं, लहानू, एवढंच. सरांनी संध्याकाळी माझ्या नावाची चिठ्ठी लिहिली. वहीमुळे, असं म्हणाले.

त्या पावसात आमच्या घाटावर डोंगा नव्हता. लोक ट्रकच्या ट्यूबवरून ये-जा करत. रेशन पलीकडच्या काठावरच्या शाळेत पडून राहायचं. बाला कुणी बोल लावला नाही. घाटावर जाणारा माणूस त्याच्या शेजारून जाताना 'कसं काय लहानूभाऊ' म्हणायचा आणि पुढे जायचा, थांबायचा नाही. तो तरी रोज सकाळी घाटावर जाऊन बसायचा. मायने त्या मृगाला अंबाडी नुसतीच शिजवली.

गोदीत हजर व्हायचं पत्र आलं तेव्हा नदी चढलेली होती. दाखल्यांची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या गळ्यात बांधली आणि मी फुगवलेल्या ट्यूबवर बसले. बा ती ढकलत पोहत निघाला. डोंग्यातून बिडी संपायच्या आत पलीकडे जाता यायचं. त्या दिवशी आम्ही कितीतरी खाली वाहत जाऊन काठाला लागलो. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता. दम आल्यावर त्याने कमरेची गाठ सोडली आणि ओल्या फडक्यातला चिखलाचा गोळा माझ्या पिशवीत ठेवला.

"समुद्राचे डोंगे मोठे असतात म्हंतात. असू दे तरी."

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. यादीत एक ओळ राहून गेलेली अचानक दिसावी तसं.

"त्या दिवशी बोडीत होता का हा तुझ्याजवळ?"

"होता न."

"मग लावला काऊन नाई?"

"तुही मोजणी बिघडली असती," बा म्हणाला, आणि ट्यूब उचलून पाण्याकडे वळला.

बस मिळाली. आलापल्लीच्या अलीकडे मी पिशवी उघडून पाहिली, तर चिखलाचा ओलावा दाखल्यांच्या कडांना लागत होता. मी गोळा खिडकीतून बाहेर टाकला. फडकं चांगलं होतं, ते पिळून, घडी करून ठेवलं.